ट्रेडमिलवरचा जमाखर्च

कोणत्याही कलेचा इतिहास रोजकीर्दीतून लिहिता येतो, असं माझं ठाम मत आहे. समीक्षक मंडळी कलाकाराची प्रेरणा शोधत बसतात. मी आधी व्हाउचर मागतो. वीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्या बी.कॉम. माणसाला दुसरं काही सुचणं कठीण. तेव्हा 'इंडी पॉप' नावाच्या गाण्यांच्या व्हिडिओंकडे मी वळलो तो हाच चष्मा लावून. वळलो म्हणजे काय, कॉलेजात जाणाऱ्या कन्येने वळवलं. चार माणसं गुडघ्यापर्यंत स्वेटर ओढून उन्हात उभी आहेत, कॅमेरा हलतोय, चित्रावर धुळीचे कण नाचतायत, आणि कोणी हसत म्हणून नाही. आमच्या रोखपालांचा चेहरा महिनाअखेरीला असतो, तसे सगळे. मी म्हटलं, "कॅमेरा बिघडलाय का यांचा?" ती म्हणाली, "बाबा, ती स्टाइल आहे."

आता स्टाइल म्हटलं की माझ्या मनात प्रश्न येतो, की हिचा खर्च कोणाच्या नावे पडला?

'इंडी' हे इंडिपेंडंटचं लाडकं नाव. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या दारात न जाता, छोट्या कंपन्यांकडून किंवा स्वतःच गाणी काढणारी मंडळी. पुढे यातले काही मोठ्या घरी नांदायला गेले, तरी माहेरचं वळण सुटलं नाही, म्हणून त्यांनाही लोक इंडीच म्हणत राहिले.

१ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाला आणि गाणं ऐकण्याइतकंच बघण्याची चीज झालं. १९८३ साली मायकेल जॅक्सनचा जवळजवळ १४ मिनिटांचा 'थ्रिलर' आला. पुढे १९९५ च्या त्याच्या 'स्क्रीम'ची गिनेस बुकातली नोंद तर ७० लाख डॉलरची. ते ऐकून आमच्या कर्ज विभागातल्या एका सहकाऱ्याला ठसका लागला होता.

पण हे पैसे देतं कोण? इथेच खरी गंमत आहे. सर्वसाधारण करारात कंपनी खर्च करते, आणि मग त्यातला निम्मा, कधी सगळाच, गायकाच्या रॉयल्टीतून वळता करून घेते. म्हणजे दिसायला भेट, लिहायला उचल. गाणं पडलं तर घरावर जप्ती येत नाही, हे कबूल. तेवढ्यापुरती ही मंडळी आमच्या बँकेपेक्षा उदार. पण मूळ ध्वनिमुद्रण बहुधा कंपनीचंच. घर बांधायचं तुमच्या कर्जातून आणि सातबारा सावकाराच्या नावावर!

तेव्हा साधा व्हिडिओ काढणं ही नुसती आवडनिवड नव्हती. तो खात्यावर कमी बोजा चढवण्याचा उपायही होता.

१९८५ साली 'द रिप्लेसमेंट्स' या मिनियापोलिसच्या बँडने काय केलं पाहा. हे नुकतेच मोठ्या घरी गेलेले. कंपनीला व्हिडिओ हवाच होता. यांनी कॅमेरा लावला एका स्पीकरसमोर. काळंपांढरं चित्र. स्पीकर वाजतोय, बाजूला कोणीतरी सिगारेट ओढत बसलंय. नाच नाही, बँड नाही. शेवटी तो माणूस उठतो, स्पीकरला लाथ घालतो आणि जातो. मागणीनुसार माल पुरवला, बिल निल! इतका चोख निषेध मी युनियनच्या मोर्चातसुद्धा पाहिलेला नाही.

इंग्लंडातल्या 'द स्मिथ्स'चा तर व्हिडिओलाच विरोध. अखेर १९८६ साली डेरेक जारमन या दिग्दर्शकाने त्यांच्या तीन गाण्यांवर 'द क्वीन इज डेड' ही छोटी फिल्म केली, ती सुपर-८ वर. हा कोडॅकने १९६५ साली आणलेला घरगुती प्रकार. मुळात लग्न, बारसं, समुद्रकिनारा यांच्यासाठी. रीळ ५० फुटांचं, फुटाला ७२ चौकटी, सेकंदाला १८ धरल्या तर ३ मिनिटं २० सेकंद. पॉप गाण्याची लांबीही साधारण तेवढीच! हा हिशेब मी कागदावर मांडून कन्येला दाखवला, तेव्हा या विषयात प्रथमच तिने माझ्याकडे आदराने पाहिलं.

तर ते धुळीचे कण, तो फिकट रंग, ती थरथर ही त्या स्वस्त फिल्मची जन्मखूण. आज फोनवर लखलखीत चित्र घेतात आणि मग वरून धूळ टाकतात. धूळ टाकायची ॲप्स निघाली आहेत, आणि त्यातली काही विकत घ्यावी लागतात. आमच्या मातोश्रींनी हे ऐकून झाडू खाली ठेवला.

पण माझा जीव जडला तो 'ओके गो' या चौघांवर. २००५ साली यांनी घराच्या मागच्या अंगणात एकच कॅमेरा ठेवून, मध्ये कुठेही न तोडता, एक नाच चित्रित केला. नाच बसवला गायक डेमियन कुलाश याच्या बहिणीने, ट्रिश सी हिने. पुढच्या वर्षी बहिणीच्याच घरी आठ ट्रेडमिल मांडून चौघे त्यांवर नाचले. पट्टे उलटसुलट दिशांना फिरतायत, हे एकावरून दुसऱ्यावर घसरतायत, आणि चेहरे पुन्हा रोखपालाचे! सतरा वेळा घेतल्यावर मनासारखं उतरलं म्हणतात. एका दमात घेतलं की संकलनाचं बिल वाचतं हा एक भाग झाला. पण बघणाऱ्यालाही कळतं, की इथे खाडाखोड नाही, कोणी पडला असता तर दिसलाच असता. खाडाखोड नसलेल्या कागदावर आमचा डोळे मिटून विश्वास. २००७ साली त्याला ग्रॅमी मिळालं.

तो व्हिडिओ यांनी ईएमआय या आपल्या कंपनीला न विचारता यूट्यूबवर टाकला होता. तेव्हा कंपनीनेही फुकटची जाहिरात म्हणून काणाडोळा केला. पुढे व्हिडिओतूनही पैसे मिळतात हे कळल्यावर तिने इतर संकेतस्थळांवर तो जोडायला बंदी घातली. फेब्रुवारी २०१० मध्ये कुलाशने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून आकडेच मांडले. रोजचे प्रेक्षक सुमारे १०,००० वरून हजाराच्या घरात आले. आणि सहा महिन्यांच्या स्ट्रीमिंगपोटी बँडच्या खात्यात जमा झालेली रक्कम होती २७.७७ डॉलर. मी ती ओळ दोनदा वाचली. दशांशचिन्ह सरकलं असेल, अशी सवयीने शंका आली. नव्हतं सरकलं. चार माणसं आठ यंत्रांवर घाम गाळतात, जग टाळ्या वाजवतं, आणि सहा महिन्यांनी हातात पडतं ते एवढं! पासबुकात सहामाही व्याज पाहून काउंटरवर मुकाट उभे राहणारे म्हातारे पेन्शनर मला आठवले.

पुढच्याच महिन्यात बँड कंपनीतून बाहेर पडला. त्याच सुमारास यांचा नवा व्हिडिओ आला. गोदामभर पसरलेलं अजस्र यंत्र. गोळी घरंगळते, डॉमिनो पडतात, पियानो आपटतो, शेवटी या चौघांवर रंगाचे फवारे. खर्च कोणाचा? स्टेट फार्म या विमा कंपनीचा. त्या बदल्यात सुरुवातीला एका खेळण्यातल्या ट्रकवर तिचं नाव. बस्स. रॉयल्टीतून वळती नाही, काही नाही. विमा कंपनीबद्दल चांगलं लिहिण्याचा हा माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग.

काही लोक म्हणतात, अंगणातली गंमत गेली, जाहिरातदार आले. जाहिरातदार आले खरे. पण कर्जावर व्हिडिओ करून फेडत बसण्यापेक्षा ट्रकवर नाव रंगवून घेणं मला जास्त सरळ वाटतं. निदान नाव दिसतं तरी.

२०१६ साली हेच चौघे रशियातल्या एका प्रशिक्षणाच्या विमानात चढले. विमान विशिष्ट तऱ्हेने वरखाली नेलं की आतल्या माणसाला थोडे सेकंद वजन राहत नाही. तसे तुकडे एकापुढे एक जोडून त्यांनी गाणं केलं. भागीदार एस-७ ही रशियन विमान कंपनी. माणसं छताला चिकटतायत, खुर्चीवरून तरंगत निघालीत. मी कन्येला विचारलं, "आता यांचं तारण काय गं?"

"बाबा, तू गप्प बस आणि बघ."

पडद्यावर रंग भरलेले फुगे फुटायला लागले होते, म्हणून मीही गप्प बसलो.