अंकुशी रुपया

३. अंकुशी रुपया : पेशवाईत पुण्याच्या टांकसाळीत पाडलेले चांदीचे नाणे, वजन सुमारे ११ ग्रॅम. दोन्ही बाजूंचा मजकूर फारसीत. पुढे शाहआलम बादशहाचे नाव, मागे जुलूसी (राज्यारोहणापासूनचे) वर्ष, टांकसाळीचे ‘मुहियाबाद पुणे’ हे नाव आणि अंकुश. छाप नाण्यापेक्षा मोठा असल्याने कडेची अक्षरे बहुधा कापलेली दिसतात. १७०३ साली औरंगजेबाचा नातू मुही-उल-मिल्लत पुण्यात वारला. त्याच्यावरून पडलेले मुहियाबाद हे नाव आजच्या बुधवार पेठेचे. पेशव्यांनी पेठेचे नाव बदलले, नाण्यावरचे ठेवले. कारण ओळखीचा छाप असलेला रुपयाच सराफ बिनतक्रार घेत. सत्ता एकाची आणि छाप दुसऱ्याचा, हा प्रकार इतरत्रही आढळतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या दिमित्री दोन्स्कोयच्या चांदीच्या ‘देंगा’ नाण्यांवर एकीकडे रशियन अक्षरे, तर दुसरीकडे सुवर्ण टोळीच्या (गोल्डन होर्ड) तोख्तामिश खानाच्या अरबी नाण्यांची नक्कल असे. १८१८ नंतर इंग्रजांनीही काही वर्षे पुण्यात अंकुशी पाडला. म्हणून बादशहाचे नाव वाचून नाणे मोगली ठरवू नये. आधी अंकुश पाहावा.