न मोजलेली हवा

१९७३ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पोर्शे ९११ टी मध्ये बॉशची के-जेट्रॉनिक आली. आत शिरणारी हवा एक तबकडी सरकवते. ती जितकी सरकेल तितकं पेट्रोल. कॉम्प्युटर नाही, सगळा हिशोब यांत्रिक!

पण तबकडीच्या पुढे रबरी नळी तडकली, की तिथून शिरलेली हवा हिशोबात येतच नाही. पेट्रोल कमी पडतं, इंजिन थरथरतं.

मेकॅनिक लोकांची जुनी युक्ती: इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. ऑइलची टाकीही इनटेकला जोडलेली असते. इंजिन अडखळलं, तर बाकी सगळं घट्ट. फरकच पडला नाही, तर गळती आधीच कुठंतरी आहे. मग धूर सोडून ती शोधा, नळी बदला. आधीच मिश्रणाचा स्क्रू पिळलात, तर बग तसाच राहतो आणि बरोबर असलेला हिशोबही बिघडतो.