रुग्णाचे गुपित आणि बँकेचे दार: एका अर्धवट कायद्याचा इतिहास

१/९
कर्ज मागणाऱ्याची पत तपासणे हा कर्ज देणाऱ्याचा जुना अधिकार. पण त्याच्यावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत का, हेही त्याने तपासावे काय? अमेरिकेत या प्रश्नावर अनेक दशके कायदे होत आले. त्यांचा हा थोडक्यात इतिहास. 🧵

२/९
१९०२ साली अमेरिकेतील आयुर्विमा कंपन्यांनी ‘मेडिकल इन्फर्मेशन ब्युरो’ ही संस्था उभारली. अर्जदाराने एका कंपनीपासून लपवलेला आजार दुसरीला कळावा, हा तिचा हेतू. आजाराची नोंद डॉक्टरांच्या दप्तराबाहेर, व्यापाराच्या व्यवहारात जाऊ लागली होती.

३/९
१९७० च्या ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट’ने नागरिकाला स्वतःच्या पतअहवालातील मजकूर जाणून घेण्याचा हक्क दिला. अपवाद एकच: वैद्यकीय माहिती! स्वतःच्या आजाराविषयी काय लिहिले आहे, हे विचारण्याचा हक्क मात्र त्याला नव्हता. हा अपवाद १९९६ मध्ये वगळण्यात आला.

४/९
त्याच वर्षी ‘हिपा’ हा कायदा आला. त्याखालील गोपनीयतेचे नियम रुग्णालये, डॉक्टर आणि आरोग्य विमा योजनांना लागू झाले. कर्ज देणारी बँक त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. १९९९ च्या ‘ग्रॅम-लीच-ब्लायली’ कायद्याने तर बँक आणि विमा कंपनी यांना एकाच छत्राखाली येण्यास मोकळीक दिली. विमा शाखेकडील आजाराची माहिती कर्ज शाखेच्या टेबलावर जाण्यापासून कोण रोखणार?

५/९
या भीतीतून २००० साली एक विधेयक प्रतिनिधिगृहात आले. वैद्यकीय माहिती ग्राहकाच्या संमतीशिवाय वित्तसंस्थांच्या हाती फिरू नये, हा त्याचा गाभा. ते मांडणारे जिम लीच म्हणजे आदल्या वर्षीच्या कायद्याच्या नावातलेच ‘लीच’. विधेयकाचा कायदा मात्र झाला नाही.

६/९
मागणी विरली नाही. ४ डिसेंबर २००३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ‘फॅक्ट ॲक्ट’वर स्वाक्षरी केली. कर्जाची पात्रता ठरवताना वैद्यकीय माहिती मिळवण्यास व वापरण्यास सर्वसाधारण बंदी आली. पतअहवालात उपचार करणाऱ्या संस्थेचे नावही सांकेतिक रूपात दाखवावे, असे ठरले. कारण कर्करोग रुग्णालयाचे नाव दिसले की निदान वेगळे सांगावे लागत नाही.

७/९
पण नियम लिहिताना एक फट राहिली. रुग्णालयाची थकबाकी इतर कोणत्याही कर्जाप्रमाणे विचारात घेण्याची मुभा कर्ज देणाऱ्यांना मिळाली. त्यांचा युक्तिवाद साधा होता: थकबाकी ती थकबाकी. रुग्णांच्या बाजूने उत्तरही तितकेच साधे: रुग्णवाहिकेतून नेला जाणारा माणूस खर्चाचा अंदाज घेऊन, विचारपूर्वक कर्ज काढत नसतो.

८/९
एप्रिल २०२३ पर्यंत तिन्ही मोठ्या पतसंस्थांनी ५०० डॉलरखालील वैद्यकीय थकबाकी स्वतःहून अहवालांतून काढली. जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक वित्त संरक्षण विभागाने ही फट पूर्ण बुजवणारा नियम जाहीर केला. त्याच्या अंदाजानुसार सुमारे १ कोटी ५० लाख नागरिकांच्या अहवालांतून ४,९०० कोटी डॉलरची थकबाकी पुसली जाणार होती. ११ जुलै २०२५ रोजी टेक्ससमधील संघराज्य न्यायालयाने तो रद्द केला. संसदेने सांकेतिक स्वरूपातील नोंदीला मुभा दिली आहे. ती काढून घेण्याचा अधिकार या विभागाला नाही, असा निकालाचा आशय.

९/९
म्हणजे २००३ च्या कायद्याने आजाराचे नाव झाकले, त्याचे बिल उघडे ठेवले. ज्या रुग्णाचे निदान बँकेला कधीच कळणार नाही, त्याच्या घरकर्जाचा अर्ज त्याच निदानामुळे थकलेल्या रकमेवरून आजही नाकारला जाऊ शकतो. गोपनीयतेचे रक्षण केवळ आजाराच्या नावाचे की त्याच्या परिणामांचेही, हा निर्णय आता पुन्हा संसदेकडेच आला आहे.