पहिल्या पानावरची जागा: छोट्या दुकानांच्या बाजूने सर्चचा इतिहास

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलताना जसं झालं तसंच जवळपास ठेवलंय, फक्त मधलं पाल्हाळ थोडं छाटलंय.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की बाबा, हे एसईओ एसईओ म्हणतात ते नेमकं सुरू कधी झालं, आणि घरून काही विकणाऱ्या माणसाला त्याचा खरंच उपयोग होतो का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तारखांसकट देता येतं. दुसऱ्यासाठी मला माझ्या मावशीची गोष्ट सांगावी लागेल, आणि त्यात मी काही फार शहाण्यासारखा वागलेलो नाही. ती जरा पुढे सांगतो.

सुरुवात १९९४ पासून करू. स्टॅनफर्डमध्ये शिकणारे जेरी यँग आणि डेव्हिड फिलो यांनी आपल्याला आवडलेल्या वेबसाइटींची यादी करायला घेतली. तिचंच पुढे याहू झालं. ही यादी माणसं करायची. म्हणजे तुमची साइट कुणीतरी उघडून बघणार, कुठल्या विभागात बसते ते ठरवणार आणि मग नाव चढवणार. विभागात नावं असायची वर्णक्रमाने. आता जुनी टेलिफोन डिरेक्टरी आठवा. ‘ए-वन’ नावाची इतकी दुकानं का असायची? वर यायचं म्हणून. वेबवरही लोकांनी तेच केलं, ‘ए’ने सुरू होणारी नावं घेतली. माझ्या मते एसईओचा जन्म हाच. बाकी सगळं नंतरची सजावट.

मग आली यंत्रं. वेबक्रॉलर आणि लायकॉस १९९४ मध्ये, अल्टाव्हिस्टा १९९५ च्या डिसेंबरात. यांच्याकडे माणूस नव्हता. प्रोग्राम पानं वाचायचा आणि मुख्यतः पानात कुठला शब्द कुठे आणि किती वेळा आलाय ते बघायचा. त्यामुळे लोक एकच शब्द पन्नास पन्नास वेळा लिहायला लागले. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत! वाचणाऱ्याला काही दिसत नाही, यंत्राला सगळं दिसतं. शिवाय पानाच्या आत, वाचकाला न दिसणारा कीवर्डांचा एक टॅग असायचा, त्यात मनाला येईल ते कोंबायचे. गंमत बघा, गूगलने २००९ च्या सप्टेंबरात जाहीर सांगितलं की वेब सर्चच्या क्रमवारीत आम्ही हा टॅग वापरतच नाही. त्यानंतरही कितीतरी वर्षं तो टॅग भरून द्यायचे पैसे घेणारी माणसं मी पाहिली आहेत.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांची कल्पना वेगळी होती. पान स्वतःबद्दल काय म्हणतं यापेक्षा इतर पानं त्याच्याकडे बोट दाखवतात का ते बघायचं. संशोधनाच्या जगात एखाद्या निबंधाचा उल्लेख किती जणांनी केला त्यावर त्याचं वजन ठरतं, तीच गोष्ट लिंकांना लावायची. १९९८ मध्ये त्यांचा निबंध आला आणि त्याच वर्षी कंपनी. कल्पना उत्तम होती. पण कुणी दुसऱ्या निबंधाचा उल्लेख पैसे घेऊन करत नाही (निदान करू नये), आणि वेबवर मात्र लिंक विकायला काहीच अडचण नव्हती. लिंकेला वजन आलं म्हटल्यावर तिला भाव आला.

इथे ओक्लाहोमामधल्या ‘सर्चकिंग’ या कंपनीचा किस्सा सांगायलाच हवा. ज्यांच्या साइटींचं पेजरँक चांगलं त्यांच्या पानांवर जाहिराती लावून देण्याचा व्यवसाय त्यांनी २००२ मध्ये सुरू केला. थोड्याच दिवसांत त्यांचं स्वतःचं पेजरँक घसरलं. ते कोर्टात गेले. मे २००३ मध्ये निकाल आला: पेजरँक हे गूगलचं मत आहे, आणि अमेरिकेच्या घटनेत मत मांडायचं स्वातंत्र्य आहे. केस फेटाळली.

आता हे ऐकायला कायद्याचा तपशील वाटतो. पण त्याचा अर्थ दुकानदाराच्या बाजूने बघा. तुमचं गिऱ्हाईक ज्या रस्त्याने येतं तो रस्ता म्हणजे दुसऱ्याचं मत. उद्या मत बदललं तर तक्रार कुठे करणार? भाजी मंडईतला गाळा गेला तर निदान नगरपालिकेत जाऊन बसता येतं.

आणि मत बदललंच. त्याच वर्षी, २००३ च्या नोव्हेंबरात, साधारण १६ तारखेच्या सुमारास. त्याआधीच्या काळात गूगलची यादी ढोबळमानाने महिन्यातून एकदा ताजी व्हायची, त्या दिवसांत क्रम वरखाली व्हायचे, त्याला लोक ‘गूगल डान्स’ म्हणत. या बदलांना वेबमास्टर लोकांनी वादळांना देतात तशी नावं द्यायला सुरुवात केली होती. नोव्हेंबरच्या बदलाचं नाव पडलं ‘फ्लॉरिडा’. आपल्याकडे ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’ ज्यांनी कोकणात अनुभवलीत त्यांना या नावांचा रोख लगेच कळेल.

फ्लॉरिडाचा रोख होता शब्द कोंबणाऱ्या आणि लिंकांची जाळी विणणाऱ्या साइटींवर. पण त्यात असंख्य सरळ छोटी दुकानंही गेली. जॉन बॅटेल यांच्या ‘द सर्च’ या २००५ च्या पुस्तकात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अशा एका दुकानदाराची गोष्ट आहे. हा माणूस ऑनलाइन मोठ्या मापाचे बूट विकायचा. ज्यांना गावातल्या दुकानात माप मिळत नाही असे लोक सर्च करत करत त्याच्याकडे यायचे. विचार करा, सर्च इंजिन ज्याच्यासाठी बनलंय असं वाटावं इतका चपखल धंदा! आणि नोव्हेंबरात एकदम गिऱ्हाईक आटलं, ऐन नाताळच्या तोंडावर. अमेरिकेत बऱ्याच किरकोळ दुकानदारांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्या पाच-सहा आठवड्यांत येतो. आपल्या कापडवाल्याचं दिवाळीच्या आधी दहा दिवस शटर पडावं, तसं.

तेव्हा अनेकांनी संशय घेतला की फुकटच्या जागा काढून लोकांना जाहिराती घ्यायला लावायचा हा डाव आहे. कारण २००० च्या ऑक्टोबरात गूगलने ३५० जाहिरातदारांना घेऊन अ‍ॅडवर्ड्स सुरू केलं होतं आणि आता तोच मोठा धंदा झाला होता. गूगलने हे नाकारलं. मला स्वतःला तो डाव होता असं वाटत नाही. पण डाव नसला तरी ज्याचं गिऱ्हाईक गेलं त्याने दुसऱ्या दिवशी जाहिरातच घेतली, हेही खरंच.

याच्या शेजारी एक दुसरी गोष्ट ठेवतो. फेब्रुवारी २००६. बीएमडब्ल्यूच्या जर्मन साइटने सर्च इंजिनाला दाखवायला वेगळी पानं बनवली होती, त्यात ‘जुन्या गाड्या’ या अर्थाचा जर्मन शब्द पुन्हा पुन्हा भरला होता, आणि माणूस आला की त्याला भलत्याच पानावर पाठवलं जायचं. गूगलने साइट यादीतून काढून टाकली. मोठी बातमी झाली. कंपनीने ती पानं काढली आणि काही दिवसांतच साइट परत आली. आता मला सांगा, बूटवाल्याला फोन करायला गूगलमध्ये कोण होतं?

असो. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने जेसी पेनी या दुकानांच्या मोठ्या साखळीची बातमी छापली. भलत्यासलत्या साइटींवरून त्यांच्याकडे हजारो लिंका होत्या, आणि ‘ड्रेसेस’पासून गालिच्यांपर्यंत सगळ्याला ते वर दिसत होते. त्यांना खाली ढकललं गेलं. त्याच महिन्यात ‘पांडा’ आला, तो निकस मजकुराच्या साइटींवर. आणि २४ एप्रिल २०१२ ला ‘पेंग्विन’, तो विकतच्या लिंकांवर.

आता मावशी.

माझी मावशी रत्नागिरीकडे राहते. कोकम आगळ, आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ. आधी पुण्या-मुंबईच्या ओळखीतल्या लोकांना एसटीच्या पार्सलने जायचं. २०१० मध्ये मी म्हटलं, आपण वेबसाइट करू. मावशी म्हणाली, “अरे, आपलं आगळ कोण कॉम्प्युटरवर शोधणार?”

प्रश्न बरोबर होता, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात प्रामाणिक एसईओ मी तेव्हा केला. पहिली अडचण लिपीची. तेव्हा मराठी टायपिंग म्हणजे डीटीपीचे फॉन्ट. त्यात पडद्यावर ‘कोकम’ दिसायचं, पण कॉम्प्युटरच्या पोटात असायची इंग्रजी अक्षरांची खिचडी, कारण त्या फॉन्टमध्ये ‘क’चं चित्र एखाद्या रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेलं असे. माणसाला मराठी, यंत्राला कचरा. अनेक मराठी वर्तमानपत्रांचे त्या काळातले लेख याच कारणाने शोधून सापडत नाहीत. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून होती, आपल्या घरांत पोचायला वीस वर्षं लागली म्हणा ना. मावशीचं माहितीपत्रक अशाच फॉन्टमध्ये होतं. मी ते सगळं पुन्हा युनिकोडमध्ये टाइप केलं.

दुसरी अडचण नावांची. फळ म्हणजे रातांबा. सुकवलं की कोकम किंवा आमसूल, कुणी सोलं म्हणतं. गोव्याकडे भिरंड. आणि शोधणारे बहुतेक जण रोमन लिपीत टाइप करायचे, त्यातही कोकमचं स्पेलिंग प्रत्येकाचं निराळं. मी मावशीला विचारून प्रत्येक जिनसेचं एक पान केलं: काय आहे, कोण काय म्हणतं, कसं करतात, किती दिवस टिकतं, कुरियरमध्ये बाटली फुटू नये म्हणून कशी बांधतो. मावशी सांगत गेली, मी लिहीत गेलो. सात-आठ महिन्यांत ऑर्डरी यायला लागल्या. नागपूर, इंदूर, बडोदा. एक बाई बेळगावहून दर महिन्याला आगळ मागवायच्या.

इथेच थांबायला हवं होतं. पण मला घाई. पहिल्या पानावर होतो, मला पहिल्या नंबरवर यायचं होतं. एका लिंक विकणाऱ्याने तीन हजार रुपयांत आठशे लिंका देतो म्हणून सांगितलं. मी घेतल्या. मावशीला विचारलंसुद्धा नाही; पैसे माझे होते, म्हटलं तिला काय सांगायचं. त्या लिंका कुठून आल्या? कॅसिनोच्या, औषधांच्या, रशियन भाषेतल्या साइटींवरून. तीन-चार महिने आम्ही खरंच वर होतो. मावशीने त्या जोरावर २०१२ च्या हंगामासाठी जास्त माल घातला. बागवाल्यांना आगाऊ पैसे दिले, खोकी छापून घेतली, शेजारच्या दोघींना रोजावर घेतलं.

पेंग्विन आला २४ एप्रिलला. कोकणात एप्रिलचा शेवट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. रोजच्या बारा-पंधरा ऑर्डरींवरून दोन-तीनवर आलो. मावशीने दोन दिवस वाट बघितली आणि फोन केला, “अरे, साइट बंद पडलीय का? फोनच वाजत नाही.” साइट चालू होती. मी काहीतरी तांत्रिक सांगून वेळ मारून नेली.

दोष कुणाचा, यात मला शंका नाही. पेंग्विन ज्या गोष्टीसाठी आणला होता तीच मी केली होती. पण चूक सुधारायचा रस्ता किती लांबचा होता तेही सांगतो. नको असलेल्या लिंका नाकारायची सोय आली त्या वर्षीच्या ऑक्टोबरात. मी तीन रात्री बसून यादी केली आणि पाठवली. पण पेंग्विन रोज चालत नव्हता. तो मधूनच कधीतरी पुन्हा चालवला जायचा, आणि तोवर तुमचा हिशोब बदलत नसे. ऑक्टोबर २०१३ नंतर पुढचा थेट ऑक्टोबर २०१४ ला, मध्ये पूर्ण वर्ष. तो सतत चालणारा झाला २०१६ च्या सप्टेंबरात. जेसी पेनीला असली वाट बघणं परवडतं. बागवाल्याला आगाऊ दिलेले पैसे वाट बघत नाहीत. त्या वर्षीची आंबापोळी मावशीने पडेल भावात एका व्यापाऱ्याला दिली. शेजारच्या दोघींना ठरलेला रोज मात्र पूर्ण दिला.

तिला खरं मी २०१५ मध्ये सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “तीन हजारात किती बाटल्या आल्या असत्या रे.” एवढंच.

ती तोपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर गेली होती. वहीत तिने प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर लिहून ठेवला होता, अगदी पहिल्या ऑर्डरीपासून, हे मला माहीतच नव्हतं. त्या वहीतून तिने दोनेकशे जणांना मेसेज केले. त्यातले बरेचसे कधीतरी सर्चवरूनच आलेले, बेळगावच्या बाईसकट.

साइट अजून आहे. डोमेनचे पैसे मी दरवर्षी भरतो. आता सर्चमध्ये सगळ्यात वर एआयने लिहिलेलं उत्तर येतं, भारतात ते ऑगस्ट २०२४ पासून दिसायला लागलं. मध्यंतरी मी सहज ‘आगळ किती दिवस टिकतं’ असं विचारलं. उत्तर बरोबर आलं, कुठल्याही साइटवर न जाता. मावशीला दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, मीठ किती घालायचं ते नाही सांगितलंन.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात नकाशावरच्या दुकानांबद्दल बोलू, तिथले खोटे रिव्ह्यू वगैरे. तुमच्यापैकी कुणाचं दुकान फ्लॉरिडात किंवा पेंग्विनमध्ये बुडालं असेल तर मला जरूर कळवा.