खडकीचे युद्ध : पेशवे सरकारचे राजकीय व धार्मिक हेतू

५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य पुण्याहून खडकीच्या माळाकडे निघाले. संगमावरील इंग्रज रेसिडेन्सी जाळण्यात आली. परंतु लढाई पेशव्यांच्या हातून गेली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. या युद्धास काही इतिहासकार स्वराज्य व स्वधर्म यांच्या रक्षणाचा अखेरचा प्रयत्न म्हणतात. आपल्या समाजात ते पेशवाईच्या अंताचा आरंभ म्हणून स्मरणात आहे. तथापि परिणामावरून हेतू ठरविणे ही इतिहासाची रीत नव्हे. युद्धाचा निर्णय कोणी घेतला, कशासाठी घेतला आणि कोणाच्या नावाने घेतला, हे प्रश्न स्वतंत्रपणे तपासले पाहिजेत.

अशा तपासणीस दीघनिकायातील महानिदानसुत्त उपयुक्त ठरते. भगवंतांनी तेथे तण्हेपासून परियेसना, लाभ, विनिच्छय, छन्दराग, अज्झोसान, परिग्गह, मच्छरिय आणि आरक्ख अशी कारणमालिका सांगितली आहे. जे मिळाले ते आपलेच राहावे म्हणून माणूस राखण करू लागतो, आणि या राखणीच्या पोटीच दंड व शस्त्र हाती घेतले जाते. म्हणून कोणतीही राजसत्ता ‘रक्षणासाठी युद्ध’ असे म्हणते तेव्हा ‘कशाचे रक्षण?’ हा पहिला प्रश्न होय.

बाजीरावाचा राजकीय हेतू स्पष्ट आहे. यशवंतराव होळकराकडून पराभव झाल्यावर त्याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला, तैनाती फौज स्वीकारली आणि इंग्रजांच्या बळावर गादी परत मिळविली. म्हणजे ज्या सत्तेविरुद्ध त्याने पुढे शस्त्र उचलले, तिला त्यानेच दारात आणले होते. १३ जून १८१७ च्या पुणे तहाने मराठा राज्यसंघाचे प्रमुखपण त्याला सोडावे लागले. अहमदनगरचा किल्ला व उत्तर कोकणही गेले. गमावलेला अधिकार परत मिळविणे, हा युद्धाचा खरा हेतू होता. पेंढाऱ्यांच्या बंदोबस्ताचे निमित्त सांगून त्याने फौज जमविली व युद्धाची सूत्रे बापू गोखल्यांकडे सोपविली.

धर्माचा संबंध येथे दोन प्रकारे येतो. पहिला, आवरण म्हणून. बाजीरावाच्या कारभारात तीर्थयात्रा व राजकारण सतत एकमेकांत मिसळलेले दिसतात. गायकवाडांचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन याचा खून जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात, यात्रेच्या दिवसांत झाला आणि संशय पेशव्याचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला. ऑगस्ट १८१७ मध्ये माल्कमने बाजीरावाची भेट घेतली, तीही कृष्णा-वेण्णा संगमावरील माहुली या तीर्थक्षेत्री. दुसरा संबंध अधिक खोल आहे. पेशव्यांचे राज्य श्रावणातील दक्षिणा, इनामे आणि जातिधर्माचा अंमल यांवर उभे होते. राज्य राखणे म्हणजे ही व्यवस्था राखणे, असा त्याचा अर्थ होता. याच पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात मडके व कमरेस झाडू बांधला जात असे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ प्रबंधात नमूद केले आहे. ‘स्वधर्मा’च्या रक्षणात या माणसांचा वाटा कोणता होता?

इंग्रजांचा पक्ष न्यायाचा होता, असे मात्र यावरून ठरत नाही. कंपनीस हिंदुस्थानावर सार्वभौमत्व हवे होते. तिनेही धर्माचा उपयोग केला. ११ फेब्रुवारी १८१८ च्या सातारा येथील जाहीरनाम्यात एल्फिन्स्टनने शास्त्र्यांच्या खुनाचा उल्लेख केला आणि इनामे व धर्माचार यांस अभय दिले. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली व तिच्या खर्चास दक्षिणेच्या निधीचाच आधार मिळाला. म्हणजे राज्य बदलले. परंतु ज्या वर्गाच्या नावाने पेशव्यांचा धर्म चालत होता, त्याचा मान नव्या सरकारनेही सांभाळला.

या दोन सरकारांच्या मध्ये १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगावी कॅप्टन स्टॉन्टनची सुमारे ८०० जणांची तुकडी पेशव्यांच्या प्रचंड सैन्यासमोर दिवसभर लढली. तेथील स्तंभावर कोरलेल्या कंपनीच्या ४९ मृतांच्या नावांपैकी २२ नावे ‘नाक’ प्रत्ययाची, म्हणजे महार सैनिकांची आहेत. या सैनिकांचा हेतू कंपनीच्या हेतूशी एकरूप मानणे चूक आहे. ‘चेतनेलाच मी कर्म म्हणतो’ हा बुद्धवचनाचा आशय येथे ध्यानी घ्यावा. गावगाड्यात ज्यांना सावलीइतकीही जागा नव्हती, त्यांना पलटणीत वेतन, शस्त्र आणि इतरांच्या बरोबरीने रांगेत उभे राहण्याचे स्थान मिळाले. कंपनीला साम्राज्य हवे होते, सैनिकाला माणूसपण. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, ते या माणूसपणाच्या स्मरणासाठी. कंपनीच्या वारसदार सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा त्या सरकारचे हेतूही उघडे पडले. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांना भरतीसाठी अर्ज करावा लागला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्यसंघाने कोलियांविरुद्ध घेतलेल्या युद्धनिर्णयात शोधले आहे. त्या सभेत बहुमत युद्धाच्या बाजूने होते. तरीही सिद्धार्थाला उभे राहून विरोध करता आला आणि त्याची किंमत त्याने स्वतः मोजली. शनिवारवाड्यातील निर्णयास अशी सभा नव्हती. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला व वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर गंगाकाठी ब्रह्मावर्तास राहिला. बापू गोखले त्यापूर्वीच २० फेब्रुवारीस अष्टीच्या लढाईत पडले होते. निर्णय घेणारा तनखा घेऊन जगला आणि निर्णय पाळणारे रणात पडले.

यास्तव धर्माच्या नावाने युद्धाची हाक येते तेव्हा ती देणाऱ्याची आरक्खा कोणत्या परिग्गहासाठी आहे, हे विचारणे उपासकाचे कर्तव्य ठरते. हा प्रश्न पेशव्यास जितका लागू आहे, तितकाच कंपनीस आणि त्यांच्यानंतर आलेल्या प्रत्येक सरकारासही लागू आहे.