पनवेल तालुक्यातील शिधावाटप व अन्नसाहाय्य

पनवेल तालुक्यातील शिधावाटप व अन्नसाहाय्य ही महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांना सवलतीच्या दरात किंवा विनामूल्य धान्य आणि शिजवलेले अन्न पुरवणारी शासकीय व्यवस्था होय. रास्त भाव दुकानांतून होणारे धान्यवाटप हा तिचा मुख्य भाग आहे. शिवभोजन केंद्रे, शालेय पोषण आहार आणि अंगणवाडीतील पूरक आहार हे तिचे अन्य भाग आहेत. धान्यवाटपाचा कायदेशीर आधार राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ हा असून महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली.

'शिधा' या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंपाकासाठी दिलेली कोरडी सामग्री असा आहे. 'शिधापत्रिका' व 'शिधावाटप' हे शासकीय शब्द त्यावरूनच आले. बोलीभाषेत मात्र 'रेशन', 'रेशनकार्ड' व 'रेशन दुकान' हेच शब्द रूढ आहेत.

== पार्श्वभूमी ==

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धान्यटंचाईमुळे मुंबई शहरात २ मे १९४३ रोजी शिधावाटप सुरू झाले. पनवेल त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात होते (१९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले). भातशेतीच्या या प्रदेशात पनवेल हे तांदळाच्या गिरण्यांचे व व्यापाराचे गाव म्हणून प्रसिद्ध होते. पुढे सिडकोने नवी मुंबईसाठी तालुक्यातील शेतजमीन संपादित केली आणि नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे व खारघर ही वसाहतनगरे उभी राहिली. तळोजे येथे औद्योगिक वसाहत झाली. घरचे भात खाणारी अनेक कुटुंबे विकत घेतलेल्या धान्यावर अवलंबून राहू लागली, तर बांधकाम व कारखान्यांमुळे राज्यातून व परराज्यांतून मजूर येथे आले.

देशात १९९७ पर्यंत शिधावाटप सर्वांसाठी खुले होते. त्या वर्षी जूनमध्ये लक्ष्यनिर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्था लागू होऊन दारिद्र्यरेषेखालील व वरील असा भेद करण्यात आला. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका आल्या. अतिगरीब कुटुंबांसाठी केंद्र शासनाने २५ डिसेंबर २००० रोजी अंत्योदय अन्न योजना जाहीर केली.

== प्रशासन ==

१८५२ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल नगरपालिकेचे रूपांतर १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिकेत झाले. शिधावाटप मात्र महानगरपालिकेच्या अखत्यारीत येत नाही. ते महसूल यंत्रणेमार्फत चालते. अलिबाग येथील जिल्हा पुरवठा अधिकारी हे जिल्ह्याचे, तर पनवेलचे तहसीलदार हे तालुक्याचे काम पाहतात. नवीन शिधापत्रिका, नाव वाढवणे किंवा कमी करणे, पत्ताबदल आणि दुकानांची तपासणी ही कामे तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत होतात. वाढत्या शहरातील रहिवासी अनेकदा या कामांसाठी प्रथम महानगरपालिकेत जातात. त्यामुळे हा फरक लक्षात घेणे आवश्यक ठरते.

धान्य केंद्र शासनाच्या वतीने भारतीय अन्न महामंडळ खरेदी करते. महामंडळाच्या गोदामातून ते शासकीय गोदामात आणि तेथून द्वार वितरण योजनेखाली वाहनाने थेट दुकानापर्यंत पोहोचवले जाते. परवानाधारक दुकानदारास विक्रीवर क्विंटलमागे कमिशन मिळते.

== शिधापत्रिका व पात्रता ==

तिरंगी योजनेत वार्षिक १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना पिवळी, १५,००० रुपयांहून अधिक ते १ लाख रुपयांपर्यंत केशरी आणि त्याहून अधिक उत्पन्न असलेल्यांना पांढरी (शुभ्र) शिधापत्रिका देण्यात आली. २०१४ नंतर पत्रिकेचा रंग आणि धान्याचा हक्क यांचा सरळ संबंध उरला नाही. अन्न सुरक्षा अधिनियमात लाभार्थ्यांचे दोन गट आहेत :

* अंत्योदय अन्न योजना : कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य. कुटुंबातील माणसे कमी असोत वा अधिक, हे प्रमाण बदलत नाही.
* प्राधान्य कुटुंब : प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य.

प्राधान्य कुटुंबासाठी राज्याने वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० रुपये आणि शहरी भागात ५९,००० रुपये ठरवली. महानगर आणि आदिवासी वाड्या अशा दोन्ही प्रकारच्या वस्त्या असलेल्या पनवेल तालुक्यात हे दोन्ही निकष शेजारी-शेजारी लागू होतात. केशरी पत्रिका असूनही प्राधान्य गटात समावेश नसलेल्या कुटुंबांना नियमित धान्य मिळत नाही.

अधिनियमानुसार कुटुंबातील १८ वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्री ही शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख मानली जाते.

== धान्य व दर ==

अधिनियमाने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असा दर ठरवला होता. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य करण्यात आले आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षांसाठी ही सवलत प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेच्या नावाने वाढवण्यात आली. अंत्योदय कुटुंबांना याखेरीज दरमहा १ किलो साखर सवलतीने देण्याची तरतूद आहे. गहू व तांदूळ यांचे परस्परप्रमाण शासन वेळोवेळी ठरवते.

दुकानांतून पोषणतत्त्व गुणसंवर्धित तांदूळही देण्यात आला. लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व असलेले दाणे त्यासाठी साध्या तांदळात ठरावीक प्रमाणात मिसळले गेले. हे दाणे रंगाने व पोताने किंचित वेगळे दिसत असल्याने 'प्लॅस्टिकचा तांदूळ' असा गैरसमज ठिकठिकाणी पसरला. प्रत्यक्षात ते तांदळाच्याच पिठापासून बनवलेले असतात आणि निवडून टाकण्याची गरज नसते.

सणांच्या काळात राज्य शासनाने 'आनंदाचा शिधा' हा संच १०० रुपयांत दिला. २०२२ च्या दिवाळीतील पहिल्या संचात रवा, चणाडाळ व साखर प्रत्येकी १ किलो आणि १ लिटर पामतेल होते.

== टाळेबंदीचा काळ ==

करोना साथीत एप्रिल २०२० पासून लाभार्थ्यांना नियमित धान्याखेरीज माणशी ५ किलो धान्य विनामूल्य मिळू लागले. अन्न सुरक्षेत नसलेल्या केशरी पत्रिकाधारकांना राज्याने मे व जून २०२० मध्ये गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलो दराने माणशी ५ किलो धान्य दिले. शिधापत्रिकाच नसलेल्या स्थलांतरित मजुरांसाठी केंद्र शासनाने त्याच काळात माणशी ५ किलो धान्य आणि कुटुंबामागे १ किलो चणा मंजूर केला. मजुरांच्या वस्त्या असलेल्या पनवेलसारख्या तालुक्यांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची होती.

== शिजवलेले अन्न ==

=== शिवभोजन ===

महाराष्ट्रात १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू झाली होती; ती पुढे बंद पडली. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन योजना सुरू झाली. थाळीत प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असते. शहरी भागात थाळीची किंमत ५० रुपये व ग्रामीण भागात ३५ रुपये धरण्यात आली. ग्राहकाने १० रुपये द्यावेत व उरलेली रक्कम शासनाने केंद्रचालकास द्यावी, अशी रचना आहे. मार्च २०२० अखेर ग्राहकाचा दर ५ रुपये करण्यात आला, तर एप्रिल २०२१ पासून काही महिने थाळी विनामूल्य होती. या थाळीसाठी शिधापत्रिका लागत नाही. गावाकडे पत्रिका ठेवून आलेला नाक्यावरचा मजूर किंवा रुग्णालयात आलेला नातेवाईक यांच्यासाठी हाच या योजनेचा मुख्य उपयोग होय.

=== शाळा व अंगणवाडी ===

राज्यात २२ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झालेला शालेय पोषण आहार २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने ओळखला जातो. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना तो मिळतो. प्राथमिक वर्गांसाठी दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने हा निकष आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाची बालके, गर्भवती व स्तनदा माता यांना अंगणवाडीतून पूरक आहार दिला जातो. अन्न सुरक्षा अधिनियमाने हे दोन्ही आहार कायदेशीर हक्क ठरवले आहेत.

== आदिवासी वाड्या ==

माथेरान व प्रबळगडाच्या डोंगररांगेच्या परिसरात आणि तालुक्याच्या अन्य भागांत ठाकूर व कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. कातकरी ही कोलाम व माडिया गोंड यांच्यासह महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक असून अशा कुटुंबांना अंत्योदय योजनेत घेण्याची तरतूद आहे. भूमिहीन कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्टी व कोळसाभट्टीच्या कामासाठी मुलांबाळांसह गाव सोडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वर्षातील बराच काळ त्यांचे दुकान एका गावी व चूल दुसऱ्या गावी असते. २०२०–२१ मध्ये राज्याने खावटी अनुदान योजनेखाली आदिवासी कुटुंबांना ४,००० रुपयांचे साहाय्य मंजूर केले. त्यातील निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपात होते. रायगड जिल्ह्यातील आदिवासी विकासाच्या योजना पेण येथील प्रकल्प कार्यालयामार्फत राबवल्या जातात.

'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेमुळे लाभार्थ्यास देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानातून आपले धान्य घेता येते. कुटुंबातील काही माणसे गावी व काही कामाच्या ठिकाणी असल्यास त्यांना आपापला वाटा वेगवेगळ्या दुकानांतून उचलता येतो.

== अडचणी ==

लाभार्थ्यांच्या संख्येची मर्यादा, म्हणजेच इष्टांक, ही सर्वांत मोठी अडचण होय. महाराष्ट्रासाठी ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के व शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के असे प्रमाण ठरले आणि २०११ च्या जनगणनेवरून सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा निश्चित झाली. २०२१ ची जनगणना न झाल्याने ती मर्यादा तशीच राहिली. पनवेलची लोकसंख्या २०११ नंतर झपाट्याने वाढली आहे. इष्टांक पूर्ण भरला असल्यास निकषांत बसणाऱ्या कुटुंबालाही जागा रिकामी होईपर्यंत थांबावे लागते. ५९,००० रुपयांची मर्यादा म्हणजे महिन्याला पाच हजारांहून कमी उत्पन्न; शहरातील घरभाडे पाहता, नियमित मजुरी मिळणारी पण गरीबच असलेली अनेक कुटुंबे तिच्याबाहेर राहतात.

दुसरी अडचण ओळख पटवण्याची आहे. ई-पॉस यंत्रावर बोटांचा ठसा घेऊन धान्य दिले जाते. यामुळे बनावट नावांवरील उचल रोखण्यास मदत झाली. परंतु वृद्धांचे आणि वीटकाम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असल्याने ते यंत्रावर उमटत नाहीत. डोंगराळ वाड्यांत जोडणी नसल्यासही काम थांबते.

== तक्रार निवारण ==

दुकानात दर, साठा व लाभार्थ्यांची माहिती दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. ई-पॉस यंत्रातून निघणारी पावती मागून घेतल्यास मिळालेले धान्य व नोंदवलेले धान्य यांची तुलना करता येते. तक्रार तहसीलदारांकडे, जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यापुढे राज्य अन्न आयोगाकडे करता येते. १९६७ व १८००-२२-४९५० हे मदत क्रमांक आहेत. पात्र व्यक्तीस धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद अधिनियमाच्या कलम ८ मध्ये आहे. दुकान व तालुका पातळीवरील दक्षता समित्यांनी वाटपावर देखरेख ठेवावी, अशी अपेक्षा आहे.

== हेही पहा ==

* सार्वजनिक वितरण व्यवस्था
* राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३
* शिवभोजन योजना
* पनवेल महानगरपालिका
* कातकरी