चमचाभर ताक आणि धरणाचे दरवाजे : पोटाच्या ऑपरेशननंतरच्या जेवणाचा इतिहास

आजच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. हेडफोन हाताशी नसेल तर वाचून काढा.

२०११ मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा 'बेरिॲट्रिक सर्जरी' हा शब्द आपल्याकडे बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकला. आता ती लाट तालुक्यांपर्यंत पोचली आहे. येलदरीला राहणाऱ्या माझ्या मावशीचं स्लीव्ह ऑपरेशन झालं. म्हणजे जठराचा मोठा भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवली. ऑपरेशन शहरात झालं, पण खरी परीक्षा गावात सुरू झाली. भेटायला येणारा प्रत्येक जण डिंकाचे लाडू घेऊन येणार आणि म्हणणार, "एवढा पैसा घालून उपाशीच राहायचं का?" मावशीचं एकच उत्तर असायचं, "लेकरा, पोटाला टाके हायेत, लाडवाला दम धर म्हणावं."

तिच्या हातात डाएटचा कागद होता. पहिले साधारण दोन आठवडे पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, तेही वाटीभर. मला प्रश्न पडला, हे नियम ठरवले कोणी? शोधत गेलो तर कळलं, यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे कुणीतरी सोसलेलं आहे.

सुरुवात करू १८८१ पासून. जानेवारी महिना, शहर व्हिएन्ना. थिओडोर बिलरोथ या सर्जननी थेरेझ हेलर नावाच्या बाईंच्या जठरातला कॅन्सरचा भाग काढला. असं ऑपरेशन यशस्वी होण्याची ही पहिली वेळ. मग त्यांना तोंडाने काय दिलं? आधी बर्फ, आणि नंतर चमचा-चमचा आंबलेलं दूध. म्हणजे जवळपास आपलं ताकच की! कॅन्सर पुन्हा पसरल्यामुळे त्या काही महिन्यांनी गेल्या, पण शिवलेलं पोट अन्न पेलू शकतं हे जगाला कळलं.

'थोडं-थोडं, पातळाकडून घट्टाकडे' ही कल्पना आपल्याला नवी नाही. चरकसंहितेत शोधनानंतर 'संसर्जन क्रम' सांगितला आहे : आधी पेया, मग विलेपी, मग यूष. मंद झालेला अग्नी एकदम लाकडं टाकून पेटत नाही, तो हळूहळू फुलवावा लागतो, असा त्यामागचा विचार. ऑपरेशन वेगळं, कारण वेगळं, पण आजीच्या पेजेला या कागदावर जागा आहे, हे विसरू नका.

आता लाडवाचा मुद्दा. येलदरीचं धरण पाहिलंय? पूर्णेचं पाणी दरवाजांतून मोजून सोडतात, कारण खाली सिद्धेश्वर धरण आहे, गावं आहेत. जठराच्या तोंडाशी असाच एक झडपेसारखा स्नायू असतो. तो अन्न थोडं-थोडं आतड्यात सोडतो. बायपास ऑपरेशनमध्ये अन्न ही झडप टाळून थेट आतड्यात जातं. मग गोड पदार्थ एकदम खाली उतरतो, आतडं पाणी ओढून घेतं, घाम फुटतो, छाती धडधडते, चक्कर येते. १९२२ मध्ये मिक्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी याला 'डंपिंग' म्हटलं आणि तोच शब्द आजही चालतो. स्लीव्हमध्ये झडप शाबूत असते, तरी जठरच अरुंद झाल्यामुळे काहींना हा त्रास होतो. म्हणून साखर नको आणि जेवताना पाणी नको. पाणी पुढे-मागे अर्ध्या तासाचं अंतर ठेवून, घोट-घोट.

मुळात वजनासाठी ऑपरेशन सुरू झालं १९५० च्या दशकात. तेव्हा लहान आतड्याचा मोठा भाग वगळून टाकायचे. वजन धडाधड उतरायचं, पण यकृत निकामी होणं, मुतखडे, कुपोषण असे प्रकार इतके झाले की ती पद्धत सोडून द्यावी लागली. १९६६ मध्ये आयोवाच्या एडवर्ड मेसननी गॅस्ट्रिक बायपास केला. अल्सरसाठी जठर कापलेल्या बायकांचं वजन वाढत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. धडा मिळाला तो असा : वजन उतरणं म्हणजे बरं होणं नव्हे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, गोळ्या. पुन्हा १८८१! त्याच वर्षी कार्ल वेर्निके यांनी मेंदूच्या एका आजाराचं वर्णन केलं. त्यांच्या तीन रुग्णांपैकी एक तरुणी होती. ॲसिड प्यायल्यामुळे तिच्या जठराचं तोंड आकसलं होतं आणि तिला सतत उलट्या होत होत्या. पुढे कळलं की हा बी-१ चा अभाव. शरीरातला बी-१ चा साठा काही आठवड्यांतच संपतो. म्हणून ऑपरेशननंतर उलट्या थांबत नसतील तर 'होईल बरं' म्हणत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

फॉलिक ॲसिडची गोष्ट तर आपल्या मुंबईची. १९२८ मध्ये ल्युसी विल्स इथे आल्या आणि गरोदर कामगार बायकांच्या रक्तक्षयावर काम करू लागल्या. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, तो बरा होतो हे त्यांनी दाखवलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट निघाला.

बी-१२ चा हिशोब उलटा. हे जीवनसत्त्व शोषायला जठरातून येणारा एक पदार्थ लागतो. जठर कापलं की तो कमी पडतो. पण साठा बरीच वर्षं पुरतो, त्यामुळे गडबड उशिरा दिसते. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं, आणि बग निघतो दोन रिलीजनंतर. त्यात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासांतून दिसलंय की ऑपरेशन न झालेल्या आपल्या लोकांतही बी-१२ कमी असणं सर्रास आढळतं. शाकाहारी घरात तर खातं आधीच रिकामं.

मावशीने वर्षभराने विचारलं, "आता भाकरी पचतीय की, गोळ्या कशाला?" मी तिला याच गोष्टी सांगितल्या. भाकरी पचणं आणि बी-१२ शोषलं जाणं ही दोन वेगळी कामं आहेत. गोळ्या आयुष्यभर, रक्ततपासणी ठरलेल्या वेळी.

प्रथिनांचं काय? दिवसाला साधारण ६० ग्रॅम तरी लागतात आणि पोटात जागा वाटीभर. म्हणून ताटात आधी प्रथिनं : घट्ट वरण, दही, पनीर, अंडं, धरणातली मासळी. भाकरी शेवटी. आपल्या जेवणात क्रम नेमका उलटा असतो, म्हणून अवघड जातं.

तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर डाएटचा कागद फ्रिजवर लावा आणि पाहुण्यांना लाडवाऐवजी ताक आणायला सांगा. मात्र आकडे आणि गोळ्या तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेल्याच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!